‘सेव्हर’ : चव आणि जाण

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढलेली असते. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. असा एकास एक हिशेब जुळला कीं शब्द आला, अशी विद्यार्थ्यांची, व पुष्कळदां त्यांच्या पालकांचीहि, समजूत असते. ‘सेव्हर’ हा शब्द अशा वह्यांतून ‘चव’ ह्या एका शब्दासमोर बसविलेला आढळतो. हें उत्तर चूक नाहीं. परीक्षेंत त्याला गुणहि मिळतील. परंतु डोंगरावरील प्रवचनांत मिठाविषयीं जें सुप्रसिद्ध वाक्य आहे, तें इंग्रजी पवित्र शास्त्रांत वाचतांना एवढ्या उत्तरानें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंत त्या वाक्यांत मिठाविषयीं एक चमत्कारिक गोष्ट म्हटलेली आहे. ती इंग्रजी वाचकाला सरळ दिसत नाहीं, मराठी वाचकालाहि दिसत नाहीं. ती पाहावयाची असेल तर ‘सेव्हर’ ह्या शब्दाच्या मागोमाग थोडें लांब जावें लागेल. आणि वाटेंत कांहीं चांगले सोबती भेटतील म्हणून ही चाल कंटाळवाणी होणार नाहीं, असें वाटतें.

प्रथम आजचा व्यवहार पाहूं. हा शब्द नाम म्हणूनहि येतो व क्रियापद म्हणूनहि. नामाचा अर्थ एखाद्या पदार्थाची स्वतःची अशी चव, किंवा चव व वास मिळून होणारा स्वाद. आज मात्र नामापेक्षां क्रियापदच अधिक कानीं पडतें. ‘सेव्हर’ करणें म्हणजे नुसतें खाणें नव्हे. जिभेवर घोळवीत, घाई न करतां चाखणें. दिवसभर राबून आलेला भुकेला मनुष्य भाकरीवर तुटून पडतो तेव्हां तो ती ‘सेव्हर’ करीत नाहीं. आंब्याची कोय चोखीत ओसरीवर बसलेलें मूल करतें. पुढें हें क्रियापद ताटावरून उठून बाहेर पडलें. सुट्टीचा पहिला दिवस, बऱ्याच दिवसांनीं आलेलें मित्राचें पत्र, पुष्कळ श्रमानें मिळविलेला विजय, ह्या साऱ्या गोष्टी इंग्रज मनुष्य ‘सेव्हर’ करतो. आपल्या ‘आस्वाद घेणें’ ह्या शब्दप्रयोगाशीं हें बरेंच जुळतें.

दुसरा एक प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ‘सेव्हर’च्या पुढें ‘ऑफ’ हें अव्यय आलें म्हणजे अर्थ होतो, एखाद्या गोष्टीची छटा असणें, आणि ती छटा बहुधा वाईट असते. एखादें कृत्य कपटाचें ‘सेव्हर’ करतें असें इंग्रज म्हणतो, तेथें आपण ‘ह्यांत लबाडीचा वास येतो’ असें म्हणतों. इंग्रजाची जीभ आणि आपलें नाक एकच काम करीत आहेत, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु पुढें दिसेल कीं, इंग्रजाचेंहि तेथें मुळांत नाकच होतें.

‘सेव्हरी’ ह्या विशेषणाला मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. गोड नसलेले, तिखटमिठाचे जे रुचकर पदार्थ त्यांना तें लावतात. आपली शेव, चकली, चिवडा हीं सर्व ‘सेव्हरी’च्या घरांतलीं. ‘खारट’ म्हणावें तर त्यांत मीठ अधिक पडल्याची तक्रार येते. ‘चविष्ट’ म्हणावें तर जिलेबीहि चविष्टच. इंग्रजांच्या जुन्या थाटाच्या मेजवानींत गोड पदार्थ होऊन गेल्यावर शेवटीं, भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर खारविलेली मासळी किंवा वितळलेलें चीज, असें कांहीं आणून देत. त्या शेवटच्या पदार्थालाहि ‘सेव्हरी’च म्हणत. ह्याच शब्दामागें नकारार्थी उपसर्ग जोडून ‘अन्सेव्हरी’ होतें. गंमत अशी कीं, हा शब्द आतां भाजी-आमटीविषयीं क्वचितच ऐकूं येतो. अन्सेव्हरी असतें तें माणसाचें चारित्र्य, त्याची कीर्ति, त्याचा धंदा. बेचव पदार्थापासून निघालेला शब्द बदलौकिकाच्या माणसावर जाऊन बसला आहे. चव आणि शहाणपण, चव आणि सचोटी ह्यांची सांगड भाषा इतक्या सहजपणें कां घालते, हाच आपला प्रश्न आहे.

(अमेरिकन ग्रंथांत ह्या शब्दाच्या शेवटच्या अवयवांतील ‘यू’ हें अक्षर नाहींसें झालेलें दिसेल. अमेरिकन कोशकार नोहा वेबस्टर ह्यानें अशा कित्येक शब्दांतलें हें अक्षर काढून टाकलें. दोन्ही रूपें आपापल्या देशांत शुद्ध आहेत. मात्र एकाच निबंधांत दोन्ही आणूं नयेत.)

आतां उत्पत्ति. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार, न्यायालय व श्रीमंतांचें स्वयंपाकघर येथें फ्रेंच भाषा चालूं लागली. फ्रेंचमधून जे असंख्य शब्द इंग्रजींत आले त्यांतलाच हा एक. तेराव्या शतकांत तो इंग्रजी लेखांत दिसूं लागतो. फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला. लॅटिनमध्यें ‘सापोर’ म्हणजे चव, आणि हें नाम ‘सापेरे’ ह्या धातूपासून झालेलें. येथेंच खरी मौज आहे. ‘सापेरे’चा पहिला अर्थ चव असणें किंवा चव कळणें, आणि दुसरा अर्थ समज असणें, शहाणें असणें. रोमन मनुष्य पदार्थाला चव आहे असें म्हणतांना जें क्रियापद वापरी, तेंच शेजाऱ्याला अक्कल आहे असें म्हणतांनाहि वापरी.

ह्या एका धातूचीं लेंकरें-नातवंडें युरोपभर पसरलीं. इंग्रजींत ज्ञानी पुरुषाला ‘सेज’ म्हणतात, विद्वानाला ‘सॅव्हंट’ म्हणतात, शहाण्याला थोड्या उपहासानें ‘सेपियंट’ म्हणतात. तीं सर्व ह्याच घरचीं. ‘इन्सिपिड’ म्हणजे बेचव, नीरस; त्यांतहि हाच धातु नकार घेऊन बसला आहे. स्वीडनचा सृष्टिशास्त्रज्ञ लिनियस ह्यानें आपल्या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत मनुष्यजातीला ‘होमो सेपियन्स’ हें नांव कायम केलें. शास्त्राच्या पुस्तकांत त्याचा अर्थ ‘बुद्धिमान् मानव’ असा देतात व तो बरोबर आहे. परंतु त्या विशेषणाची फोड केली तर ‘चव जाणणारा’ असाहि अर्थ निघतो. स्वयंपाकघरांत आमटींत बोट बुडवून पाहणारी आजी ह्या नांवाला तत्त्वज्ञाइतकीच पात्र आहे.

फ्रेंचमध्यें ‘जाणणें’ ह्या क्रियापदाचा उगम हाच आहे. पोर्तुगीज भाषेंत तर हे दोन्ही अर्थ अद्याप एकाच क्रियापदांत नांदत आहेत. ‘साबेर’ म्हणजे जाणणें आणि ‘साबेर’ म्हणजेच चव लागणें. गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतें, व त्या काळीं शाळेंत गेलेल्या वृद्धांना ती भाषा अजून येते. ज्यांच्या आप्तांत असे कोणी आजोबा असतील त्यांनीं त्यांना जरूर विचारावें. ‘त्याला कळतें’ व ‘हें चांगलें लागतें’ ह्या दोन्ही वाक्यांत त्यांच्या तोंडून ‘साबे’ हेंच रूप येईल. ह्याच पोर्तुगीज किंवा स्पॅनिश रूपापासून, खलाशी व व्यापारी ह्यांच्या मोडक्यातोडक्या बोलींतून, इंग्रजीचा ‘सॅव्ही’ हा शब्द अठराव्या शतकांत वर आला. व्यवहारांत चलाख असलेल्या माणसाला आज जें विशेषण लावतात तें हेंच.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ‘सेव्हर’ लिहितांना एक अक्षर अधिक पडलें तर ‘सेव्हियर’, म्हणजे तारणारा, हा शब्द होतो, आणि आमच्यासारख्या शाळांतील मुलांच्या हातून तो नकळत होतोच, कारण तो त्यांच्या अधिक परिचयाचा. ह्या दोन शब्दांचें नातें मुळींच नाहीं. ‘सेव्हियर’ हा सुरक्षित, धडधाकट अशा अर्थाच्या ‘साल्वुस’ ह्या लॅटिन शब्दाच्या कुळांतला. पण भाषेचा खेळ पाहा. ज्ञानी पुरुष ह्या अर्थाचा ‘सेज’ चवीच्या धातूपासून आला, हें वर सांगितलें. इंग्रजी स्वयंपाकांत ‘सेज’ नांवाचा एक सुगंधी पालाहि घालतात. उच्चार तोच, अक्षरेंहि तींच. साहजिकच वाटेल कीं, स्वयंपाकांतला हा ‘सेज’ तरी चवीच्या घराण्यांतला असेल! तसें नाहीं. ती वनस्पति औषधी म्हणून तिचें लॅटिन नांव ‘साल्विया’ पडलें व तें तारणाऱ्याच्या घराण्यांतलें आहे. म्हणजे पाल्याचें नांव तारणाशीं जोडलेलें आणि पंडिताचें नांव चवीशीं. केवळ ध्वनीवरून व्युत्पत्ति ठरविणाऱ्यांनीं हें उदाहरण भिंतीवर लावून ठेवावें.

चव व जाण ह्यांची ही जोडी लॅटिननें कां केली असावी? डोळा व कान दूरच्या वस्तूंची वार्ता आणतात. जीभ मात्र वस्तु आंत घेतल्यावांचून कांहींच सांगूं शकत नाहीं. ती शरीराच्या दाराशीं बसलेली परीक्षक आहे. कडू लागलें तर थुंकून टाकावें, कारण कित्येक विषें कडू असतात. गोड लागलें तर गिळावें. क्षणांत निवाडा, आणि चुकला तर जिवाशीं गांठ. असा निवाडा करणारी शक्ति ती शहाणपण, असें एखाद्या समाजाला वाटलें असेल तर नवल नाहीं.

तरी ह्या कामांत जिभेचा वाटा आपण समजतों त्याहून लहान आहे. जिभेला मूळच्या पांच चवी कळतात असें आज शास्त्र मानतें: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पांचवी ती जिला जपानी भाषेंत ‘उमामी’ म्हणतात. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा ह्यांनीं १९०८ सालीं कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या रश्श्यांतून ही चव देणारा पदार्थ वेगळा केला. इंग्रजींत ह्या पांचव्या चवीला नांव पाहिजे होतें तेव्हां लोकांनीं आपल्या ‘सेव्हरी’लाच बोलाविलें! (जिभेच्या टोंकाला गोड, मागें कडू, असा नकाशा कांहीं पुस्तकांत काढलेला असतो, तो खरा नाहीं. जिभेच्या सर्व चाखणाऱ्या भागांना सर्व चवी कळतात.) ह्या पांचांपलीकडे जें कांहीं आपण चव म्हणून अनुभवतों, आंब्याचा आंबेपणा, वेलदोड्याचा वेलदोडेपणा, तें सर्व घशामागून नाकांत जाणाऱ्या वासाचें काम आहे. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें नाक चिमटींत धरून श्रीखंडाचा एक घांस तोंडांत घ्यावा. गोड कळेल, आंबट कळेल. वेलदोडा कळणार नाहीं. चिमूट सोडतांच तो हजर होईल. सर्दी झाली म्हणजे जेवण ‘पाणी पाणी’ लागतें त्याचें कारण हेंच.

जुन्या इंग्रजांना हें रसायनशास्त्र माहीत नव्हतें, पण त्यांची भाषा ह्या बाबतींत चोख होती. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, राजा जेम्सच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी भाषांतरांत ‘सेव्हर’ हा शब्द बहुतेक ठिकाणीं चव ह्या अर्थानें येतच नाहीं. तो वास ह्या अर्थानें येतो. जलप्रलयानंतर नोहानें केलेल्या होमाचा जो सुवास, तो ‘सेव्हर’. लेवीयाच्या पुस्तकांतील अर्पणांचा सुवास तोहि ‘सेव्हर’. योएल संदेष्ट्याच्या ग्रंथांत शत्रुसैन्याच्या नाशानंतर उठणारी दुर्गंधि, तीहि ‘सेव्हर’च, मात्र वाईट विशेषणासह. करिंथकरांस दुसऱ्या पत्रांत प्रेषित पौल ज्या परिमळाविषयीं बोलतो त्यालाहि हाच शब्द आहे. ‘चव’ एवढाच अर्थ पाठ करून गेलेला विद्यार्थी ह्या प्रत्येक ठिकाणीं अडखळतो, आणि देवानें होमाची चव घेतली असें भलतेंच कांहीं लिहितो. खाण्याशीं स्पष्ट संबंध येतो तो इसहाकानें एसावाकडे मागितलेल्या रुचकर अन्नाच्या प्रसंगीं. तेथें ‘सेव्हरी’ हें विशेषण आहे. तें अन्न शेवटीं रिबकेनें रांधलें व याकोबानें नेऊन वाढलें, आणि आंधळ्या पित्याची जीभ फसली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

मिठाच्या वाक्याकडे वळण्यापूर्वीं आपल्या भाषेकडे एकदां पाहिलें पाहिजे, कारण चव आणि मन ह्यांची सांगड घालणें ही कांहीं रोमची मिरासदारी नव्हे. संस्कृतमधील ‘स्वादु’, ग्रीकमधील ‘हेदुस’, लॅटिनमधील ‘सुआविस’ व इंग्रजी ‘स्वीट’ हे चारी शब्द एकाच मूळ धातूचे अंकुर आहेत, हें भाषाशास्त्रांत सर्वमान्य आहे. ‘रस’ हा शब्द तर लॅटिन ‘सापोर’च्या तोडीस तोड आहे. ऊंस पिळून निघतो तोहि रस, जिभेला कळतो तोहि रस, आणि नाटक पाहतांना अंतःकरणांत उठतो तोहि रस. भरताच्या नाट्यशास्त्रांत नाट्यरसाची फोड करतांना थेट जेवणाचाच दृष्टान्त घेतला आहे: नाना मसाल्यांनीं संस्कार केलेलें अन्न जाणता मनुष्य जसा आनंदानें चाखतो, तसा जाणता प्रेक्षक भाव चाखतो. सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तानें रसानुभवाला ‘चर्वणा’, म्हणजे चघळणें, असा शब्द वापरला आहे. इंग्रजी क्रियापद ‘सेव्हर’ ह्याला ह्याहून जवळचा प्रतिशब्द मला ठाऊक नाहीं.

मिठाचीहि तीच कथा. मीठ नसलेलें तें अळणी; हा शब्द ‘अलवण’ ह्यापासून झाला. भाजी अळणी असते तसें भाषणहि अळणी असतें. आणि ‘लावण्य’ ह्या शब्दाचा उगम ‘लवण’ हाच आहे. रूपाला मीठ असतें ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली. लॅटिनमध्येंहि मिठाचा शब्द विनोदबुद्धीला लावीत व ‘बिनमिठाचा’ म्हणजे मंद, नीरस मनुष्य असें म्हणत. मात्र मराठीनें एक गोष्ट निराळी केली. आपण ज्ञानाच्या संबंधांत ‘गोडी लागणें’ असें म्हणतों. लॅटिनमध्यें ज्याला चव कळते तो शहाणा. मराठींत ज्याला चव लागली तो शहाणपणाच्या वाटेस लागला. अभ्यास हा पालकांच्या धाकानें पाठ होऊं शकतो, शिकवणीनें गुण वाढूं शकतात, पण गोडी कोणी कोणाच्या जिभेवर ठेवूं शकत नाहीं, असा त्या क्रियापदाच्या रचनेंतच अर्थ आहे, ती ‘लागते’. मुलांच्या गुणपत्रकावर सही करतांना पालकांनीं ह्या एका क्रियापदाचा विचार केला तर त्यांच्या व शिक्षकांच्या पुष्कळ भेटी गोड होतील.

आतां मीठ. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत प्रभु येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचें मीठ म्हणतो व लगेच विचारतो कीं, मिठाचें मीठपण गेलें तर तें पुनः कशानें आणावें. १६११ च्या इंग्रजींत येथें मिठाचा ‘सेव्हर’ गेला असें आहे. आपल्या रूढ मराठी भाषांतरांत ‘खारटपणा’ हा शब्द आहे. दोन्ही वाचकांस अर्थ कळतो आणि ते पुढें जातात. परंतु मूळ ग्रीकमध्यें तेथें जें क्रियापद आहे त्याचा सरळ अर्थ आहे, ‘मूर्ख होणें’. मीठ मूर्ख झालें तर!

हें क्रियापद ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख ह्या विशेषणापासून झालें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत मंदबुद्धीसाठीं ‘मोरॉन’ हा शब्द बनविला तो ह्याच ग्रीक शब्दापासून. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत स्वतःस शहाणे म्हणविणारे मूर्ख बनले असें जेथें आहे, तेथें तेंच क्रियापद आहे. मत्तयाच्या ह्याच पांचव्या अध्यायांत, मिठाच्या वाक्यानंतर नऊ ओंव्या पुढें, भावाला ‘मूर्खा’ असें संबोधूं नये म्हणून ताकीद आहे. तो शब्द ‘मोरोस’. प्रवचनाच्या शेवटीं वाळूवर घर बांधणारा मनुष्य आहे, तोहि ‘मोरोस’. पुढें पंचविसाव्या अध्यायांत तेल न घेतां निघालेल्या पांच कुमारी; त्याहि तशाच. म्हणजे ग्रीक वाचकाच्या कानांत मूर्ख मिठापासून मूर्ख घर बांधणाऱ्यापर्यंत एक धागा वाजत राहतो. इंग्रजींत व मराठींत तो पहिल्याच टोंकाला तुटला आहे.

मीठ मूर्ख होतें म्हणजे काय? प्रथम भौतिक गोष्ट. शुद्ध मीठ आपला खारटपणा टाकीत नाहीं. तें विरघळेल, पण असेल तोंवर खारटच असेल. उरण-वसईकडील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना खाडीचें पाणी आटवून मीठ कसें काढतात व त्यांत माती, इतर क्षार कसे मिसळलेले असतात हें ठाऊक आहे. प्राचीन पॅलेस्टाइनांत मृत समुद्राच्या बाजूनें येणारें मीठहि असेंच भेसळीचें असे. ओल लागून त्यांतलें खरें मीठ पाझरून गेलें कीं मागें पांढरी, मिठासारखीच दिसणारी पूड राही. रूप तेंच, चव नाहीं. ती रस्त्यावर टाकण्याच्याच लायकीची.

पण अशा पुडीला ‘मूर्ख’ कां म्हणावें? ग्रीक भाषेंतहि क्वचित् बेचव पदार्थाला ‘मोरोस’ म्हणत. परंतु ह्या प्रश्नावर अधिक प्रकाश इब्री भाषेंतून पडतो, व प्रभु येशू ज्या अरामी भाषेंत बोलत असे ती इब्रीची भगिनी होय. इब्री भाषेंत ‘ताफेल’ असा एक शब्द आहे. ईयोबाच्या सहाव्या अध्यायांत, मिठावांचून बेचव अन्न खाववेल काय, असा ईयोब विचारतो, तेथें तो ‘बेचव’ ह्या अर्थानें आला आहे. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायांत खोट्या संदेष्ट्यांनीं पाहिलेल्या गोष्टींना तोच शब्द लावला आहे, आणि तेथें अर्थ आहे पोकळ, मूर्खपणाच्या. एकच शब्द अळणी अन्नाला आणि अळणी उपदेशाला! म्हणून कित्येक पंडित असें मानतात कीं, मूळ वाक्यांत ह्याच धातूचा शब्द असावा. मार्कानें लिहितांना त्याचा ‘मीठपणा जाणें’ हा अर्थ उचलला, मत्तय व लूक ह्यांच्या ग्रीकमध्यें ‘मूर्ख होणें’ हा उतरला. मला हें मत पटतें.

ह्याच्या उलट बाजूचा इब्री शब्द ‘तआम’. तो लॅटिन ‘सापोर’चा जणूं जुळा भाऊ आहे. त्याचा अर्थ चव. आणि विवेक, तारतम्य हाहि. अविचारानें रक्तपात करावयास निघालेल्या दावीदाला अबीगईल वाटेंत गांठते व शांत करते. त्या वेळीं दावीद तिच्या ज्या सुज्ञतेला धन्य म्हणतो, ती मूळांत तिची ‘तआम’ आहे. चौतिसाव्या स्तोत्राच्या मथळ्यांत म्हटलें आहे कीं, दावीदानें राजापुढें वेड्याचें सोंग घेतलें. मूळ शब्दशः, त्यानें आपली ‘तआम’ पालटली. आणि त्याच स्तोत्रांत पुढें, परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घ्या म्हणून जें पाचारण आहे, तें ह्याच धातूच्या क्रियापदांत, म्हणजे ‘चाखा’ असें आहे. ज्यानें अक्कल गमावल्याचें सोंग केलें, तोच इतरांस चाखावयास बोलावितो. भाषांतरांत हा दुवा राहणें कठीणच होतें.

तर मग ‘सेव्हर’ हा शब्द येथें वाईट निवडला होता काय? उलट, त्या काळीं त्याहून चांगला शब्द इंग्रजींत नव्हता. चौदाव्या शतकांत विक्लिफच्या मंडळींनीं लॅटिनवरून इंग्रजी भाषांतर केलें तेव्हां जेथें जेथें ‘सापेरे’ आलें तेथें तेथें ते ‘सेव्हर’ हें क्रियापद घालीत, मग अर्थ चाखण्याचा असो कीं समजण्याचा. त्याची एक खूण १६११ च्या ग्रंथांतहि राहून गेली. प्रभूनें दुःख सोसूं नये म्हणून पेत्र त्याला अडवूं पाहतो, तेव्हां प्रभु त्याला कडक शब्दांत म्हणतो कीं, देवाच्या गोष्टींकडे तुझें मन नाहीं, माणसांच्या गोष्टींकडे आहे. तेथें इंग्रजींत ‘सेव्हर’ हें क्रियापद आहे! आजचा विद्यार्थी तेथें चव किंवा वास शोधीत बसला तर वाक्य हातचें जाईल. १६११ चा वाचक मात्र हा शब्द दोन्ही अर्थांनीं ओळखीत असे. त्याच्या कानाला, मिठाचा ‘सेव्हर’ गेला ह्यांत चव गेली एवढेंच नव्हे, जाणहि गेली, असा दुसरा सूर ऐकूं येणें शक्य होतें. आणि पेत्राच्या प्रसंगीं तर पृथ्वीचें मीठ म्हटलेल्या शिष्यांपैकीं जो पहिला, त्याचाच ‘सेव्हर’ क्षणभर गेलेला होता.

पुढें इंग्रजींत ‘समजणें’ हा अर्थ मावळला, तसे भाषांतरकार सावध झाले. १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारांत पेत्राच्या वाक्यांतून ‘सेव्हर’ काढला, मिठाच्या वाक्यांत ठेवला. १९४६ च्या अमेरिकन आवृत्तींत मिठाच्या वाक्यांतूनहि तो गेला व चवीचा साधा शब्द आला. १९७३ सालच्या एका नव्या भाषांतरानें तेथें ‘खारटपणा’ ह्या अर्थाचा शब्द घातला, आणि गंमत अशी कीं, जवळजवळ हाच शब्द विल्यम टिंडेलनें १५३४ च्या आपल्या आवृत्तींत योजिला होता. आपलें मराठी वाक्य अशा रीतीनें टिंडेलच्या पंगतीला बसतें. खारटपणा हा शब्द अचूक आहे, रोजच्या तोंडांतला आहे, आणि शेतांत काम करणाऱ्या बाईलाहि तत्काळ कळतो. भाषांतराला ह्याहून अधिक काय मागावें? केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक शिकून मूळावरून मराठी भाषांतराचें जें प्रचंड काम १९२२ सालीं आपल्या मृत्यूपर्यंत चालविलें, त्यांतहि बायामाणसांना कळेल अशी सोपी भाषा हाच त्यांचा आग्रह होता.

तरी वर्गांत हा अध्याय शिकवितांना मी विद्यार्थ्यांना समासांत पेन्सिलीनें एक शब्द लिहावयास सांगतों. ‘खारटपणा’ ह्या शब्दाच्या बाजूला ‘शहाणपण’. मग त्याच ओळींतून बोट खालीं नेऊन बाविसावी ओंवी, नंतर सातव्या अध्यायांतील वाळूवरचें घर. उभ्या रेघेची वही त्या दिवसापुरती दप्तरांतच राहते.